माल चार्ज करताना

रासायनिक कारखान्यात ‘चार्ज’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो आणि बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी वीज नसते. रिअ‍ॅक्टरमध्ये माल टाकणं म्हणजे माल चार्ज करणं. “आठ बॅगा चार्ज झाल्यात, चार राहिल्यात,” असं रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळी येणाऱ्याला सांगतो, रजिस्टरवर सही करतो आणि घरी जातो. शाळेत शिकलेल्या अर्थानेही त्याचं वाक्य खरं आहे, हे मला नोकरी लागून पाच-सहा वर्षं झाल्यावर उमगलं. २५ किलोची बॅग मॅनहोलवर उलटी केली, की तिच्यातली कोरडी भुकटी आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासत खाली जाते. दाण्यांवर एक प्रभार जातो, अस्तरावर त्याच्या उलट प्रभार राहतो, आणि बॅग पोटाशी धरून उभा असलेला माणूस त्या दोन्हींच्या मध्ये असतो. माल खरोखरच चार्ज झालेला असतो. खाली टोल्यून या ज्वलनशील द्रावकाची वाफ असते.

हे घरीही दिसतं. संक्रांतीच्या आसपास, हवा कोरडी असते तेव्हा, प्लास्टिकच्या बरणीतून खसखस ओतून बघा. बरणी रिकामी झाली तरी आतल्या भिंतीवर दाण्यांचा पातळ थर तसाच राहतो. टिचकी मारली तर काही दाणे खाली पडतात आणि काही चक्क उडी मारून समोरच्या भिंतीला चिकटतात. ऑगस्टमध्ये ही उडी दिसत नाही. बरणीतली खसखस आणि रिअ‍ॅक्टरवरची बॅग यांच्यात तत्त्वाचा काही फरक नाही. फरक आहे तो किलोंचा, वेगाचा आणि खाली काय आहे याचा.

आग लागते, माणसं भाजतात, क्वचित जातात. मग चौकशी होते आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ येते: ‘स्थितिक विजेच्या ठिणगीमुळे आग लागली असावी.’ तिथे पूर्णविराम पडतो. माझं भांडण या पूर्णविरामाशी आहे. नदीत बुडून गेलेल्या माणसाच्या पंचनाम्यात ‘पाण्यामुळे’ एवढंच लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही, पण त्यातून नाव फुटकी होती की घाटाला कठडा नव्हता, हे कधीच कळणार नाही. कोरडी भुकटी जिथे हलते तिथे स्थितिक वीज असतेच. ती काल होती, परवा होती, आग लागली नाही त्या हजार पाळ्यांतही होती. जी गोष्ट रोज हजर असते तिला एखाद्या दिवसाच्या अपघाताचं कारण म्हणता येत नाही. त्या दिवशी काय नव्हतं, हे विचारायला हवं.

याला एक उत्तर नेहमी मिळतं. स्थितिक विजेचं शास्त्रज्ञांनाही नीट कळलेलं नाही, तिथे कारखानदाराने काय करायचं? या उत्तरात अर्धं सत्य आहे, म्हणून ते नीट तपासून बघायला हवं.

दोन वेगळे पदार्थ घासले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार येतो, हे फार जुनं ज्ञान आहे. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात लिश्टेनबर्ग नावाचे प्राध्यापक होते. १७७७ मध्ये त्यांच्या खोलीत राळेच्या एका मोठ्या चकतीवर बारीक धूळ बसली आणि त्या धुळीतून चांदण्यांसारख्या, फांद्याफांद्यांच्या आकृत्या उमटल्या. चकतीवर जिथे प्रभार होता तिथे धूळ ओढली गेली होती. पुढे अशा आकृत्या काढण्यासाठी गंधक आणि शेंदूर, म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड, एकत्र करून फडक्यातून भुरभुरायची रीत पडली. फडक्यातून पडताना गंधक ऋण होतं आणि शेंदूर धन. त्यामुळे पिवळा रंग धन जागी जाऊन बसतो, तांबडा ऋण जागी. भुकटीला नुसतं चाळलं तरी तिच्यात वीज येते, याचा इतका देखणा पुरावा दुसरा नसेल. त्याला आता अडीचशे वर्षं होत आली.

कोडं पुढचं आहे. दोन्ही दाणे एकाच पदार्थाचे असतील तर? काचेवर काच, प्लास्टिकवर तेच प्लास्टिक. कोणी कोणाला काय द्यावं? तरीही प्रभार येतो आणि बहुतेक वेळा त्यात एक क्रम दिसतो: मोठे दाणे धन होतात, बारीक दाणे ऋण. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका संशोधक गटाने सिलिकॉन रबराचे हुबेहूब सारखे तुकडे एकमेकांना पुन्हा पुन्हा टेकवून पाहिले. सुरुवातीला कोण धन आणि कोण ऋण याला काही ताळतंत्र नव्हता. सुमारे २०० स्पर्शांनंतर मात्र तुकड्यांमध्ये ओळीने क्रम लागला: ज्याला आधी जास्त स्पर्श झालेत तो कमी स्पर्श झालेल्याशी गाठ पडली की ऋण होतो. पदार्थ एक, आकार एक, तरी ज्याचा त्याचा भूतकाळ वेगळा, आणि तो प्रभारात उतरतो. हे वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून होतो. ज्या दाण्यांना आपण ‘लॉट नंबर अमुक’ म्हणून एका रांगेत उभं करतो, त्यांतला प्रत्येक आपल्या अंगावर वेगळी हकिगत घेऊन येतो.

मोठे धन, बारीक ऋण, यातून पुढे जे घडतं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. खळ्यावर धान्य उपणताना वारा हलकं बाजूला नेतो आणि जड पायाशी पडतं. उंच सायलोत, म्हणजे माल साठवायच्या टाकीत, वरून माल पडतो तेव्हाही हेच होतं. जड दाणे खाली जाऊन ढीग होतात, बारीक धूळ हवेत तरंगत राहते. एकाच मालाची उपणणी होते आणि तिच्यासोबत विजेचीही. खाली धन ढीग, वर ऋण धुळीचा ढग. पावसाळी ढगात गारा आणि बर्फकण वेगळे होऊन वीज साठते, त्याचीच ही बंदिस्त आवृत्ती.

प्रभार नेमका कसा येतो, त्यात इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचेच सूक्ष्म तुकडे, यावर अजून वाद आहेत आणि ते चालू राहोत. कारखान्याला त्या वादाच्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही. प्रभार येणार, हे गृहीत आहे. तो जातो कुठे, किती वेळात, आणि जायला वाट नसेल तर काय करतो, हे मात्र बऱ्यापैकी माहीत आहे, मोजता येतं आणि आकड्यांत लिहिता येतं. अज्ञानाचा आडोसा एका प्रश्नाला मिळतो, आणि त्या आडोशाला दुसराच प्रश्न लपवला जातो.

प्रभार किती येणार हेही बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असतं. तीच भुकटी चाळली तर किलोमागे येणारा प्रभार सर्वांत कमी. ओतली तर साधारण त्याच्या शंभरपट. बारीक दळली तर आणखी कितीतरी पट. आणि हवेच्या जोरावर पाइपमधून पळवली तर सर्वांत जास्त. चाळणं आणि हवेने वाहून नेणं यांतला फरक लाखपटीच्या घरात जातो. पाइपमधला वेग किती ठेवायचा, हे बॅग उचलणारा हेल्पर ठरवत नाही. दिवसाला किती टन निघायला हवेत हे जिथे ठरतं, तिथे तो वेग ठरतो.

‘स्थितिक’ या शब्दानेही आपला थोडा घात केला आहे. तो ऐकला की वाटतं, बसून राहिलेली, निरुपद्रवी गोष्ट. पाठ्यपुस्तकात कंगवा आणि कागदाचे कपटे, संपला धडा. पण ती किती वेळ बसून राहते, यालाच सगळं महत्त्व आहे. भुकटीतून प्रभार निचरायला लागणारा वेळ तिच्या विद्युत रोधावर ठरतो. काही भुकट्यांत तो वीस सेकंदांत एक तृतीयांशावर येतो. रोध शंभरपट वाढला की त्यालाच अर्धा तास लागतो, आणि कोरड्या प्लास्टिकची किंवा औषधाची भुकटी सहज त्या वर्गात बसते. म्हणजे माल ओतून झाला, ऑपरेटर चहाला जाऊन आला, तरी ढिगातली वीज तिथेच आहे. अशा वेळी ‘जरा नमुना काढ’ म्हणून लोखंडी पळी आत घालायला सांगणारा माणूस एका भरलेल्या ढगाला हात लावायला सांगत असतो.

लोखंडी पळी म्हटलं, कारण इथे लोकांचा हमखास उलटा समज असतो. प्लास्टिक धोक्याचं आणि धातू सुरक्षित, असं आपण धरून चालतो. खरं तर अर्थिंग नसलेला धातू सर्वांत घातकी. प्लास्टिक दुर्वाहक असल्यामुळे त्याच्या एका जागेचा प्रभार ठिणगीत जातो आणि बाकीचा अडकून राहतो. धातू सुवाहक असल्यामुळे त्याच्यावर जेवढं आहे तेवढं सगळं एका ठिणगीत, एका क्षणात जातं. प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवलेला पत्र्याचा ड्रम, रबरी होजला आवळलेला सुटा क्लॅम्प, दोन काचेच्या नळ्यांमधला लोखंडी फ्लँज. जमिनीपासून तुटलेला असा प्रत्येक तुकडा गुपचूप भरत जातो. रबरी बूट घातलेला माणूसही या यादीत येतो, कारण विजेच्या दृष्टीने माणूस हा खाऱ्या पाण्याने भरलेला सुवाहक आहे.

ऊर्जेचे आकडे ऐकायला क्षुल्लक वाटतात. टोल्यूनची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला साधारण पाव मिलिज्यूल पुरे होतो. टेबलावरून अर्ध्या ग्रॅमचा शेंगदाणा फरशीवर पडला, तर त्या पडण्यात साडेतीन-पावणेचार मिलिज्यूल असतात, म्हणजे पंधरापट. माणसाच्या अंगावर २-३ हजार व्होल्ट साठले तर दरवाजाच्या कडीला हात लावताना त्याला जेमतेम काहीतरी टोचल्यासारखं वाटतं. कित्येकांना तेही जाणवत नाही. त्या न जाणवलेल्या ठिणगीत टोल्यूनची वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा असते. १० हजार व्होल्टला ती ५ ते १० मिलिज्यूलपर्यंत जाते आणि तेवढ्यात गंधकासारखी भुकटी वाफेच्या मदतीशिवायही पेटू शकते. ‘मला तर कधी शॉक बसला नाही, साहेब’ हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. सांगणारा खरंच बोलत असतो. त्याच्या बोटांना जे कळायला हवं होतं ते निसर्गाने त्याला दिलेलंच नाही, त्याला तो काय करणार?

आता एका अशा जागेबद्दल, जिथे अर्थिंगही पुरत नाही. मोठ्या सायलोत अतिशय दुर्वाहक दाणे भरत असतात, उदाहरणार्थ प्लास्टिकचे. सायलो लोखंडाचा, अर्थिंग उत्तम. तरी ढिगाच्या शंकूवर, टोकापासून भिंतीपर्यंत, प्रकाशाच्या रेघा धावतात, कारण ढिगाच्या पोटातला प्रभार भिंतीपर्यंत वेळेत पोचतच नाही. या विद्युत विसर्जनाची ऊर्जा काढायचं सूत्र आंतरराष्ट्रीय मानकात दिलेलं आहे आणि त्यातला एक भाग मला पहिल्यांदा वाचला तेव्हा उलटा छापला गेल्यासारखा वाटला होता. सायलोचा व्यास दुप्पट केला की ऊर्जा दहापट होते, हे ठीक. पण दाणा जितका जाड तितकी ठिणगी मोठी! ३ मीटर व्यासाच्या सायलोत १ मिलिमीटरचे दाणे असतील तर ती २०० मिलिज्यूलपर्यंत जाऊ शकते. दाणे त्याच्या दहाव्या भागाएवढे बारीक असतील तर ७ च्या आसपास. जाड दाणे स्वतः सहजासहजी पेटत नाहीत. पेटते ती त्यांच्यासोबत आलेली बारीक धूळ. म्हणजे ठिणगी जाड दाण्यांची आणि इंधन बारीक धुळीचं. दोन्ही एकत्र असले की सर्वांत वाईट. ‘आमचा माल जाड आहे, धूळ अगदी थोडी’ हे वाक्य दिलासा म्हणून सांगितलं जातं, आणि नेमकं तेच वर्णन धोक्याचं असतं. इथे उपाय म्हणजे सायलो अरुंद ठेवणं, दाण्यातली धूळ आधीच काढून टाकणं, आत नायट्रोजन भरणं, किंवा स्फोट झाला तर त्याला मोकळ्या दिशेने वाट देणारी झडप बसवणं. यांतली एकही गोष्ट शिफ्टमधल्या कामगाराच्या अखत्यारीत नाही.

मुद्दा हाच आहे, म्हणून एक प्रसंग जवळून सांगतो. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी तपासणीला गेलो होतो. जंबो बॅगमधून माल खाली हॉपरमध्ये सोडायची जागा. जंबो बॅगचे चार प्रकार असतात, ए ते डी. ‘सी’ प्रकारच्या बॅगेत वाहक धागे विणलेले असतात आणि ती अर्थिंगला जोडूनच वापरायची असते. जोडली नाही तर ती साध्या बॅगेपेक्षाही वाईट, कारण तिच्यातले सगळे धागे मिळून जमिनीपासून तुटलेला एक मोठा सुवाहक तयार होतो. इथे बॅग ‘सी’ प्रकारची होती. तिच्या कानाला क्रोकोडाइल क्लिप लावलेली होती, वायरचं दुसरं टोक, तेही क्लिपनेच, स्टँडच्या पायाला. भिंतीवरच्या तक्त्यात रोज तीन पाळ्यांच्या सह्या आणि ‘अर्थिंग ओके’. सगळं नमुनेदार. मी मल्टिमीटर लावला. काटा हलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

स्टँडचा पाय ताज्या हिरव्या रंगाने रंगवलेला होता. क्लिपचे दात त्या रंगावर बसले होते, खालच्या लोखंडापर्यंत पोचलेच नव्हते. रंग कधी दिला, असं विचारलं. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, तुम्ही येणार म्हणून मागच्या आठवड्यात सगळा प्लांट रंगवला.”

त्या आठवड्यातल्या एकवीस पाळ्यांत त्या माणसांनी सांगितलेलं सगळं केलं होतं. क्लिप लावली, सही केली. त्या दिवसांत हॉपर पेटला असता तर अहवालात काय आलं असतं? ‘अर्थिंग केलेलं असूनही स्थितिक विजेमुळे.’ आणि त्यातून सगळ्यांनी हाच अर्थ काढला असता की ही वीज मोठी लहरी, तिच्यापुढे इलाज नाही. मी खिशातली चावी काढून रंग खरवडला. खाली चकचकीत लोखंड दिसलं, क्लिप तिथे लावली आणि मीटरवर २ ओहम आला. स्थितिक विजेला एवढ्या चांगल्या जोडणीची गरजही नसते. १० लाख ओहमची वाटही तिला पुरते, इतकी ती भित्री आणि आज्ञाधारक आहे. रंगाचा अर्धा मिलिमीटर थर मात्र तिला ओलांडता येत नाही.

अहवालाने पूर्णविरामाच्या पुढे कसं जायचं, याची चांगली उदाहरणंही आहेत. ११ जानेवारी १९८५ रोजी पश्चिम जर्मनीतल्या हाइलब्रॉनजवळ अमेरिकी लष्कराच्या तळावर पर्शिंग-२ क्षेपणास्त्राचा घन इंधनाचा टप्पा पेटीतून बाहेर काढताना पेटला आणि तीन सैनिक मृत्युमुखी पडले. घन इंधन म्हणजे रबरात घट्ट बसवलेली अमोनियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. ना कोणी काडी ओढली होती ना कोणती तार जोडली होती. कडक थंडी, कोरडी हवा, आणि पेटीतल्या अस्तराला घासत बाहेर येणारं क्षेपणास्त्राचं केव्हलार या कृत्रिम धाग्याचं कवच, एवढ्यावर वीज साठली आणि इंधनाच्या आत ठिणगी पडली. शोध कवचाच्या पदार्थापर्यंत आणि त्या दिवसाच्या हवेपर्यंत गेला. धातूऐवजी दुर्वाहक कवच निवडलं गेलं, तेव्हाच त्या दिवसाचा एक हिस्सा ठरून गेला होता, आणि तो निर्णय पेटी उघडणाऱ्या सैनिकांनी घेतलेला नव्हता.

दुसरं उदाहरण मुद्दाम असं घेतो की ज्यात बोट स्थितिक विजेकडे गेलंच नाही. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १४ माणसं गेली. साखरेची धूळ होती, लोकांनी ठिणगी म्हटलं असतं आणि ते खपलंही असतं. चौकशी मंडळाला पेट घेण्याची सर्वांत संभाव्य जागा सापडली ती सायलोंखालच्या कन्व्हेयरच्या तापलेल्या बेअरिंगची. मंडळ तिथेही थांबलं नाही. साखरेत वरून कचरा पडू नये म्हणून आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, तो कन्व्हेयर पोलादी पत्र्याने बंद केलेला होता. आधी मोकळ्या भुयारात विरून जाणारी धूळ आता पत्र्याच्या आत दाट होत राहिली, आणि तिला बाहेर ओढून घेणारी यंत्रणा बसवलेली नव्हती. पहिला स्फोट तिथला. त्याच्या धक्क्याने इमारतीत तुळयांवर, फरशीवर, यंत्रांवर साचलेली साखर उडाली आणि पुढचे स्फोट तिचे झाले. महाराष्ट्रात गळीत हंगाम नेमका कोरड्या महिन्यांत चालतो, कारखान्यांत ग्रेडर आणि हॉपरच्या आसपास पांढरी धूळ बसते. इथे ती धूळ पुसणाऱ्या माणसाकडे मी झाडूवाला म्हणून बघू शकत नाही. स्फोटाचं इंधन तोच उचलत असतो.

३० जून २०२५ ला तेलंगणात पाशमैलारम इथे औषधाच्या गोळ्यांत घालायची सेल्युलोजची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून पोटासाठी आलेली कितीतरी होती. पेट कशाने घेतला यावर मी इथे काही म्हणत नाही. पण ती भुकटी विषारी नव्हती, आपण सगळे ती गोळीतून गिळतो. भुकटी म्हणजे बारीक केलेलं इंधन, ही जाण आपल्या कारखान्यांत किती थोड्यांना असते हे मी पाहिलं आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ३७ होतं: स्फोटक धूळ निघत असेल तर यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, पेट घेण्याची सगळी संभाव्य साधनं दूर ठेवा. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा हे लिहिलं गेलं. कायद्याला धूळ माहीत होती.

‘इतकी वर्षं असंच चाललंय, कधी काही झालं नाही’ याचंही एक उत्तर द्यायला हवं, कारण हे म्हणणारी माणसं अनुभवी असतात आणि अनुभवाचा मान मला राखायचा आहे. कोकणपट्टीतल्या कारखान्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकं पाणी असतं की बॅगेच्या, फरशीच्या, माणसाच्या कपड्यांच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा न दिसणारा पदर असतो आणि प्रभार त्यावरून वाहून जातो. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर असली की बऱ्याच पदार्थांचं असं होतं. जानेवारीच्या पहाटे, किंवा विदर्भातल्या एप्रिलमध्ये, तोच माणूस तीच बॅग तशीच ओततो आणि गोष्ट वेगळी असते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या जिथे बनवतात त्या खोलीत तर माल ओला होऊ नये म्हणून आर्द्रता मुद्दाम २५ टक्क्यांच्या आत ठेवतात. तिथे बारा महिने जानेवारीची पहाट असते. अनुभव खोटा नसतो, पण तो ज्या हवेत घेतला त्या हवेचा असतो. पुरवठादार बदलला, दाणा जरा जाड आला, बॅगेचं अस्तर बदललं, फरशीवर नवा चकचकीत इपॉक्सी थर दिला, की वीस वर्षांचा अनुभव त्या दिवसापुरता शून्यावर येतो. आणि हे बदल खरेदी विभागाच्या फायलीत होतात, मॅनहोलपाशी कोणी सांगायला येत नाही.

खर्चाचं म्हणणं मी नाकारत नाही. नायट्रोजनची सोय, बंदिस्त चार्जिंग हॉपर, स्फोटझडपा, या गोष्टी छोट्या कारखान्याला जड जातात. पण तांब्याची पट्टी जड नाही. मल्टिमीटर जड नाही. आणि एक उपाय तर असा आहे की त्यातल्या मुख्य बदलाला पैसाच लागत नाही. त्याच्याबद्दल सांगतो.

भुकटी टाकताना होणाऱ्या आगींपैकी सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये आधी द्रावक घेतलेला असतो आणि मग वरून भुकटी ओतली जाते. हा क्रम कोण ठरवतं? प्लांटमध्ये कोणी नाही. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत कोणीतरी काचेच्या चंबूत टोल्यून घेतलं, चमच्याने पाच ग्रॅम भुकटी टाकली, ढवळलं, आणि वहीत लिहिलं: टोल्यूनमध्ये पदार्थ घालावा. चंबूपुरतं ते योग्यच होतं. ती ओळ वहीतून प्रक्रियेच्या कागदात आली, तिथून बॅच शीटमध्ये, पाच ग्रॅमचे तीनशे किलो झाले, चमच्याच्या जागी माणूस आला. मधल्या कोणत्याही टप्प्यावर कोणी विचारलं नाही की उलट केलं तर चालेल का.

एका कारखान्यात मी ते विचारलं. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाल्या, करून बघू. भुकटी स्वतः किती सहज पेटते हे तपासून घेतलं, ती बरीच सुस्त निघाली. मग रिकाम्या, कोरड्या रिअ‍ॅक्टरमध्ये आधी भुकटी, मॅनहोल बंद, आतली हवा नायट्रोजनने बाहेर काढायची, आणि मग बंद पाइपमधून खालून हळूहळू टोल्यून. तीन लहान बॅचेस झाल्या. उतारा तोच, शुद्धता तीच, ढवळणीला सुरुवातीला जरा जोर लागला म्हणून तिचा वेग थोडा कमी करावा लागला. बॅच शीटमधल्या दोन ओळींची अदलाबदल झाली. त्यावर चार जणांच्या सह्या झाल्या, याला तीन आठवडे लागले.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा मॅनहोलपाशी काम करणारा एक कंत्राटी कामगार भेटला. बदल का केला हे त्याला सांगितलं होतं, पण ठिणग्या-प्रभार त्याच्या फारसं लक्षात राहिलं नव्हतं. त्याला एकच फरक जाणवला होता. बॅगची दोरी सोडवता सोडवता तो म्हणाला, “साहेब, आता झाकण उघडलं तरी तोंडावर वास येत नाही.”